टिटवीच्या डाव्या कुशीचं पाणी

टिटवी नावाची जुनी बोट जिच्या घरी होती, त्या मुलीचा फोन सकाळीच आला. "बोट रडतेय," एवढंच ती म्हणाली.

बोटींच्या अपघातांचे विम्याचे दावे तपासण्यात सर्वेअर बाईंचे केस पांढरे झाले होते. बुडालेल्या, जळालेल्या, मालकानेच बुडवलेल्या बोटी त्यांनी पाहिल्या होत्या. रडणारी मात्र पहिलीच. मुलीच्या आवाजातली भीती खरी होती, म्हणून त्या लगेच निघाल्या.

टिटवी शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. लांब, अरुंद, लाल. एके काळी भर समुद्रातल्या शर्यतीत ती पहिली यायची. तेव्हा बहुतेक बोटींचे तळ पसरट असत. लाटेवर आपटल्या की आत बसलेल्यांची हाडं खिळखिळी होत. मुलीच्या वडिलांनी टिटवीच्या तळाला नाकापासून शेपटीपर्यंत खोल व्हीचा आकार दिला आणि ती लाटा कापत निघाली. शेवटच्या शर्यतीत ते तिच्यातच गेले. मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

बोटीच्या नाकाखाली फरशीवर पाणी साचलं होतं. दर सकाळी साचतं, मुलगी म्हणाली. शेड बंद, छप्पर शाबूत, पाऊस नाही. मग पाणी येतं कुठून?

"बाबा असतील असं वाटतं," ती हळूच म्हणाली. "पुढच्या महिन्यात जुन्या बोटींचा मेळा आहे. मी टिटवी चालवणार, शेजारी काका बसणार. तिथल्या फलकावर लिहिणार आहेत की चालकाच्या हलगर्जीपणाने अपघात झाला. तोच हलगर्जीपणा माझ्यात उतरला असला तर? स्टिअरिंग धरलं की माझे हात कापतात."

बाईंनी थेंब जिभेवर ठेवला. पाणी गोडं होतं. समुद्रात गेलेल्या माणसाने येताना नळाचं पाणी कशाला आणावं? बाईंना हसू आलं, पण अंगावरचा काटा काही गेला नाही. शेडमध्ये जुन्या पेट्रोलचा वास होता आणि तो थेंब एकसारखा टपकत होता. आणखी एक गोष्ट त्यांनी पाहिली. पाणी फक्त डाव्या बाजूने येत होतं.

काका आले. शर्यतीत भावाशेजारी तेच होते आणि तेच वाचले. पुढे वर्कशॉप त्यांनी चालवलं, वहिनीला आणि पुतणीला त्यांनीच सांभाळलं. बाईंनी त्यांना समोर बसवलं.

"बोटीच्या नाकात पाण्याची टाकी दिसते, ती कशासाठी?"

"समोरून लाटा असल्या की ती पाण्याने भरायची. नाक जड राहतं, बोट उलटी उडत नाही. वळणाच्या खुणेला तरंगता बोया असतो, तो वळून परत निघालं की लाटा मागून येतात. तेव्हा दांडा ओढून टाकी रिकामी करायची, नाहीतर नाक पाण्यात घुसतं."

"त्या दिवशी?"

"दादाने दांडा ओढलाच नाही. विसरला."

"तुमच्याकडे काय असायचं?"

"थ्रॉटल. बोट लाटेवरून उडाली की वेग कमी करायचा, टेकली की वाढवायचा."

"म्हणजे एक हात मोकळा. आणि दादांचे हात?"

"स्टिअरिंगवर. त्या वेगात एक हातही सोडता येत नाही." मग काकांना एकाएकी वर्कशॉपमधलं काम आठवलं आणि ते उठले.

बाईंनी बोटीत चढून पाहिलं. दांडा उजवीकडे, स्टिअरिंगला लागून होता; थ्रॉटल डावीकडे. सगळी बोट मुलीने घासूनपुसून नवी केली होती; टाकीची मागची लाकडी भिंत तेवढी जुन्या, जाड रंगाखाली तशीच होती. तिथे काकांनी हात लावू दिला नव्हता, "ते माझं मी बघतो" म्हणाले होते. टाकी भरायची रबरी नळी वाळून चिरली होती, तिच्यावर कोळिष्टकं धरली होती. शेडच्या दोन किल्ल्या: एक काकांकडे, एक स्वयंपाकघरात खिळ्याला.

स्वयंपाकघरात मुलीची आई बसली होती. उजव्या मनगटाला पट्टी होती. बाईंनी विचारलं तसं ती म्हणाली, "बादली उचलताना हात लचकला." आणि तिने बाईंवरची नजर काढली नाही.

दुपारी बाईंनी तिघांना शेडमध्ये बोलावलं आणि टाकीच्या भिंतीवरचा डाव्या बाजूचा रंग खरवडला. खाली भोक बुजवायची लाकडाची गोल गुडदी निघाली, तिच्या कडेने पाणी झिरपून बोटीच्या डाव्या कुशीतून खाली उतरत होतं.

"भूत नाही," बाई म्हणाल्या. "टाकी कुणीतरी रोज भरतं. नळी फाटलीय, म्हणजे बादलीने. आईंचं मनगट त्यानेच लचकलं. पण भरलेल्या टाकीतून पाणी डावीकडूनच का यावं? कारण दांड्याचं मूळ भोक डावीकडे होतं. वडिलांनी तो थ्रॉटलवाल्याच्या हाताशी ठेवला होता, कारण चालकाचे हात सुटत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. अपघातानंतर कुणीतरी भोक बुजवून दांडा उजवीकडे बसवला. चौकशीला आलेल्यांनी पाहिला तो उजवीकडचा. गुडदी इतक्या वर्षांत वाळून आकसली. विसरला तो चालक नव्हता, काका."

काकांनी गुडदीवरून अंगठा फिरवला. "बोया वळलो आणि मी घाबरलो," ते म्हणाले. "दादा ओरडला, दांडा ओढ. माझा हातच उठला नाही. बोट ओढून आणली त्याच रात्री दांडा हलवला. वाटलं, मेलेल्याला काय फरक पडतो. मला तर पुढे बोटी बांधायच्या होत्या, घर चालवायचं होतं."

मुलगी आईकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"बोट आतून मीच रंगवायचे," आई म्हणाली. "दांडा कुठे होता हे मला नाही तर कुणाला कळणार? पण याच्या जिवावर तुला वाढवलं. मिंधी होते मी, तोंड उघडवेना. मागच्या आठवड्यात तू म्हणालीस, बाबांचा दोष माझ्यात असेल, तेव्हा राहवेना. म्हटलं, मला बोलता येत नाही, टिटवीलाच बोलू दे."

मुलीला रडू फुटलं. आई दिसत होती, काका दिसत होते, आणि ज्याची इतकी वर्षं लाज वाटली तो बाप मात्र आता समजूत काढायला कुठेच नव्हता.

काकांनी मेळ्याच्या संयोजकांना जाऊन सगळं सांगितलं. दांडा त्यांनीच परत डावीकडे बसवला, कुणाशी न बोलता.

मेळ्यात मुलीने काकांना धक्क्यावरच थांबायला सांगितलं. थ्रॉटलपाशी आई बसली. बोया वळताच मुलगी ओरडली, "आई, दांडा ओढ," आणि आईने दुखऱ्या हाताने तो ओढला. नाक हलकं होऊन वर आलं. मुलीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ते कापत नव्हते.