पेडलवरचा पाय

मिस्त्री गाडीचा सिलेंडर आणायला निघाला तेव्हा मामांनीच त्याला स्कूटरवरून बस-स्टँडपर्यंत सोडलं होतं, आणि वाटेत दोघं बोलले ते फक्त थंडीबद्दल. मामांनी गोष्ट सुरू केली ती अशी. त्यामुळे ही भुताची आहे हे मला फार उशिरा कळलं, नाहीतर मी केव्हाच आत मामीजवळ जाऊन बसले असते.

वीज गेली होती. मी, माझा मामेभाऊ आणि त्याची धाकटी बहीण व्हरांड्यात बसलो होतो. समोर रस्त्यापलीकडे टायरचं दुकान आहे, तिथे पूर्वी मिस्त्रीचं गॅरेज होतं. गॅरेजच्या बाजूच्या भिंतीत एक दार, आणि दारापलीकडे त्याचं दोन खोल्यांचं घर.

"ऐकीव नाही सांगत," मामा म्हणाले. "ज्याच्यावर बेतली त्याच्याच तोंडून ऐकलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी."

"बाबा, प्रत्येक भुताच्या गोष्टीत हेच वाक्य असतं," मामेभाऊ म्हणाला.

"बरं, मग तू सांग. मी ऐकतो."

आतून मामीचा आवाज आला, "पोरींना घाबरवू नका हो. मग रात्रभर दिवा चालू ठेवतात."

"वीज कुठाय?" मामा म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.

मिस्त्री जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. जुन्या म्हणजे आजोबांच्या काळातल्या नव्हेत, त्यांच्याही वडिलांच्या, महायुद्धाच्या आधीच्या. वटारलेल्या डोळ्यांसारखे दिवे, दाराखाली पाय ठेवायला फळी, दोन्ही बाजूंनी पंखांसारखं उघडणारं बॉनेट. अशा गाडीचं इंजिन सुरू करणं म्हणे फारसं अवघड नसतं. अवघड असतं ते सुटे भाग मिळवणं. कंपनी बुडालेली, बनवणारे मेलेले. मिस्त्री म्हणायचा, हिला पार्ट हवा म्हणजे हिची एखादी बहीण कुठेतरी मरून पडलेली सापडायला हवी.

त्या वेळी त्याच्याकडे एका डॉक्टरांची गाडी होती. बाकी सगळं झालं होतं, राहिला होता ब्रेकचा मास्टर सिलेंडर. पेडल दाबलं की जो तेल ढकलतो आणि चारही चाकांचे ब्रेक लावतो, तो. तो आतून गंजून गेला होता. आणि रविवारी सकाळी डॉक्टर लेक-नातवंडांना घेऊन गाडी न्यायला येणार होते.

"आठवडाभर थांबा म्हणून सांगायचं की," मामेभाऊ म्हणाला.

"सांगू शकला असता. पण काम सोडून त्याच्याकडे दुसरं होतं काय?" मामा म्हणाले. "वहिनी जूनमध्ये गेल्या."

वहिनी म्हणजे मिस्त्रीची बायको. तिचं आणि ब्रेकचं नातं काय, ते मामांनी नीट समजावून सांगितलं. ब्रेक उघडला की पाइपात हवा शिरते, आणि ती काढणं हे दोघांचं काम. एकाने वर सीटवर बसून पेडल दाबायचं. दुसऱ्याने गाडीखालच्या खड्ड्यात उभं राहून चाकापाशी असलेला छोटा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर बुडबुडे बाहेर पडतात. स्क्रू आवळला की पेडल सोडायचं. पुन्हा दाबायचं. असं चारही चाकांना. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा. सगळा कारभार दोन शब्दांवर. दाब. सोड.

लग्न झाल्यापासून वर वहिनी बसायच्या, मांडीवर विणकाम घेऊन. खालून "दाब" आलं की "दाबला" म्हणायच्या. "सोड" आलं की "सोडला". मध्येच एखादं, "आवरा, दूध गॅसवर आहे." आणि आल्यागेल्याला सांगायच्या, "ह्यांनी जन्मभर मला गाडीत बसवलं, पण गाडी एकदाही हलली नाही."

त्या गेल्यावर मामा त्याला म्हणाले होते, अरे, पेडल दाबायला मला हाक मार. तो हो म्हणायचा. हाक काही मारायचा नाही. एक काठी घ्यायचा, पेडल दाबून ती सीटला अडकवायचा, खड्ड्यात उतरून स्क्रू सैल करायचा, आवळायचा, वर येऊन काठी काढायचा. पुन्हा काठी, पुन्हा खड्डा. गुडघे बोलायला लागेपर्यंत. त्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं त्याला नको होतं.

तर शनिवारी दुपारी तो भंगाराच्या यार्डात पोचला. भंगारवाला तरुण, यार्ड त्याच्या आजोबांचं. कुंपणाशी झुडपांत अर्धी बुडालेली तशीच एक गाडी होती. पुढचा भाग चेपून पत्र्याचा बोळा झालेला.

"ही कुठली?" मिस्त्रीने विचारलं.

"घाटातली. खाली दरीत पडली होती म्हणे. आजोबांनी अख्खी वर काढली, त्याचंच कौतुक मरेपर्यंत सांगत होते."

"आणि चालवणारा?"

"काका, तुम्हाला सिलेंडर पाहिजे का चालवणारा?"

मिस्त्री हसला आणि गाडीखाली शिरला. सिलेंडर साबूत होता. चाकाकडे जाणारा एक पाइप मात्र फुटलेला, आणि फुटल्याच्या कडा आपटून फाटलेल्या नव्हेत, गंजून झिजलेल्या. म्हणजे आधी पाइप फुटला, मग गाडी गेली. सिलेंडरमधला दट्ट्या पार शेवटपर्यंत आत रुतून बसला होता. तेल निघून गेल्यावरही कुणी पेडल दाबतच राहिलं की बसतो, तसा.

मिस्त्रीने पाना काढला.

घरी येऊन दट्ट्या सोडवण्यातच संध्याकाळ गेली. गरम केला, तेल पाजलं, ठोकला. शेवटी सुटला. नवी रबरं घातली, सिलेंडर डॉक्टरांच्या गाडीला बसवला, तेल भरलं. साडेअकरा वाजले होते. डिसेंबरचा दुसरा शनिवार. मामांना पक्कं आठवतं, कारण त्या रात्री त्यांची दाढ ठणकत होती आणि याच व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना त्यांना समोर शटरच्या खालून उजेड दिसत होता.

पहिलं चाक काठीने झालं. दुसऱ्या चाकासाठी मिस्त्री खड्ड्यात उतरला, स्क्रूला पाना लावला, आणि लक्षात आलं की काठी लावायची राहिलीच. ती वर भिंतीला टेकलेली होती. पुन्हा पायऱ्या चढायच्या जिवावर आलं. दमलेला माणूस. सवयीने तोंडातून शब्द गेला.

"दाब."

डोक्यावरचा दांडा हलला.

जुन्या गाड्यांत पेडलचा दांडा गाडीच्या तळातून खाली येतो. खड्ड्यातून सगळं दिसतं. दांडा सावकाश पुढे गेला, दट्ट्या आत गेला. मिस्त्रीच्या हाताने आपसूक स्क्रू सैल केला. नळीतून तेल आलं. बुडबुडे आले. त्याने स्क्रू आवळला.

"सोड."

दांडा मागे आला.

"मग पळाला का नाही तो?" धाकटीने विचारलं. ती केव्हाची माझ्या दंडाला धरून बसली होती. खरं सांगायचं तर मीच तिला धरून बसले होते.

"का पळेल?" मामा म्हणाले. "बाळ, त्याला वाटलं, ती आली."

आतली मामीच्या भांड्यांची खुडबुड थांबली होती.

मिस्त्री वर जाऊन बघू शकला असता. गेला नाही. वर जाऊन बघितलं आणि कुणी नसलं तर? त्यापेक्षा खालीच बरं. तो खालूनच बोलत राहिला. थंडी आहे, शाल घेतलीस ना, म्हणाला. दाब. सोड. मुलीचा फोन येतो रोज. दाब. तुझी कुंड्यांतली झाडं वाचली नाहीत, मी पाणी जास्त घातलं बहुतेक. सोड. सहा महिन्यांचं साठलेलं सगळं बोलला. वरून उत्तर नव्हतं. "दाबला" नाही, "सोडला" नाही. त्याने मनाची समजूत घातली. येऊ दिलं असेल, बोलू दिलं नसेल.

तिसरं चाक झालं. चौथ्याशी आला.

हवा निघून गेली की पेडल पायाखाली घट्ट होत जातं. चौथ्या चाकाचे बुडबुडे संपले. नुसतं स्वच्छ तेल. त्याने स्क्रू शेवटचा आवळला. काम झालं होतं. एकदा बघावं म्हणून तो म्हणाला,

"दाब."

दांडा धाडकन पुढे आला. गाडी कचकन वाजली.

वहिनींचा पाय हलका होता.

"सोड."

दांडा तसाच.

"सोड गं."

तसाच.

मिस्त्रीने हातातला दिवा वर धरला. दांडा थरथरत होता. बारीक. सगळा जोर एका पायावर आणला की मांडी थरथरते… तसा.

दांड्याभोवती गाडीच्या तळाला फट असते. मघापासून त्या फटीतून वरच्या बल्बचा उजेड येत होता. आता येत नव्हता. फटीवर काहीतरी होतं.

ही ती नव्हती.

खड्ड्याच्या पायऱ्या मागच्या बाजूला. पायऱ्यांवरून डोकं वर काढलं की समोर ड्रायव्हरचं दार. मिस्त्री एक पायरी चढला… आणि थांबला. उतरला. पुन्हा दांड्याखाली येऊन उभा राहिला.

वर श्वासाचा आवाज नाही. सीटची स्प्रिंग नाही. काही नाही. फक्त ते थरथरणं…

मामांनी रस्त्यापलीकडच्या दुकानाकडे एकदा पाहिलं.

"मिस्त्रीच्या डोळ्यांपुढे तो रुतलेला दट्ट्या आला," मामा हळू म्हणाले. "तो मला म्हणाला, अरे, इतकी वर्षं तो दाबतोय आणि पायाखाली काही लागतच नाहीये. आज लागलं. आता कसा सोडेल तो?"

मिस्त्री बोलला. वर बघून, एखाद्या थकलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"थांबली गाडी."

थरथर चालूच.

"थांबली, दादा. लागला ब्रेक. सगळे उतरले खाली. कुणाला काही झालं नाही."

खरं होतं का ते? त्याला काय माहीत. त्या गाडीत कोण कोण होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. पण तो म्हणाला.

"सोड पाय आता."

…

थरथर थांबली. दांडा मागे आला. एकदम नाही. अडखळत… भीत भीत… परत गेल्यासारखा, परत आल्यासारखा. फटीतून उजेड पडला.

वर दाराची कडी वाजली.

मग जमिनीवर, पुढच्या बाजूला, काहीतरी जड ठेवल्याचा आवाज.

मग काही नाही.

मिस्त्री उजाडेपर्यंत खड्ड्यातच उभा राहिला.

सकाळी मामा चहाचा थर्मास घेऊन गेले तेव्हा शटर बंदच होतं. हाका मारल्यावर त्याने उघडलं. चेहरा राखेसारखा. मामांना त्याने सगळं सांगितलं, एकदाच, मान खाली घालून. मामांनी सीटवर बसून पेडल दाबून पाहिलं. ब्रेक इतका घट्ट लागत होता की त्यात खोट काढायला जागा नव्हती. ते तसं म्हणाले. मिस्त्रीचं लक्ष नव्हतं. तो बाजूच्या भिंतीतल्या त्या दाराकडे बघत होता, घराकडे जाणाऱ्या.

"तो इतक्या लांबून आला," मिस्त्री म्हणाला. "हिला तर नुसतं दार ओलांडायचं होतं."

काहीतरी करायचं म्हणून मामा गाडीला फेरी मारायला पुढे गेले, आणि तिथे थांबले.

उताराला गाडी उभी केली की ड्रायव्हर चाकापुढे दगड लावतात. गॅरेजची जमीन सपाट, सिमेंटची. गाडीपुढे दोन हातांवर भिंत. आणि पुढच्या चाकाला टेकवून, नीट आतपर्यंत सारून, नारळाएवढा एक काळा दगड ठेवलेला होता. मामांनी तो उचलला. बर्फासारखा गार होता. खालची बाजू ओली होती, आणि त्या ओलीला ओली माती आणि हिरवं, नुकतं उपटल्यासारखं गवत चिकटलेलं होतं.