पेंढ्यावर अडखळलेलं गाणं

अलमेलुने गाडी थांबवली ती म्हशीसाठी, त्याच्यासाठी नव्हे. हे ती आजही शपथेवर सांगते. स्वामीमलैहून कुंभकोणमला येणाऱ्या रस्त्यात म्हैस आडवी उभी होती आणि तिच्या पलीकडे, बंद पडलेल्या स्कूटरशेजारी, तो. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, बोटांना काळं तेल, आणि कान – कान जरा ऐसपैसच.

"कुंभकोणमपर्यंत सोडाल का?" त्याने तमिळमध्ये विचारलं. "दातांचा डॉक्टर आहे मी. मेलकावेरीत दवाखाना आहे. पेशंट वाट बघत असतील... म्हणजे, असलाच तर एखादा."

अलमेलुला हसू आलं. शेजारी बसलेल्या वेंकटलक्ष्मी आत्याने नाक मुरडलं, पण दातांच्या डॉक्टरला असं रस्त्यावर सोडून जायला तिचंही मन होईना. तिची स्वतःची एक दाढ हलत होती. तो मागे बसला.

गाडी वडिलांची, जुनी ॲम्बॅसॅडर. पण त्या जानेवारीत तिच्यात एक नवलाची वस्तू आली होती. पोंगलला सिंगापूरच्या भावाने सीडी प्लेयर पाठवला होता, बशीएवढा, आणि सोबत एक खोटी कॅसेट. तिच्या पोटातून निघणारी वायर प्लेयरला जोडायची, कॅसेट गाडीच्या टेपमध्ये सारायची, की सीडीतलं गाणं गाडीभर! अलमेलुने अख्खी गल्ली फिरवून आणली होती. खोट एकच – खड्डा आला की गाणं उडी मारायचं. म्हणून प्लेयर कोणाला तरी तळहातावर तोलून धरावा लागे, आणि ते काम आत्याच्या गळ्यात पडलं होतं.

"पुरे! हात मोडला माझा," आत्या करवादली.

"इकडे द्या," मागून तो म्हणाला.

वायर जेमतेम पोचली. त्याने पुढच्या बाकाच्या पाठीवर कोपर टेकवलं, रुमालाने बोटं पुसली आणि प्लेयर तळहातावर घेतला. अलमेलुच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर. पहिला खड्डा आला – तिला तो तोंडपाठ होता – गाडी दणकली, आत्या "अय्यो" म्हणाली, आणि गाणं मात्र जसंच्या तसं. दुसरा खड्डा... तिसरा... एक सूर इकडचा तिकडे नाही. अलमेलुने आरशात बघितलं. तो डोळे मिटून ऐकत होता. उघडले तेव्हा तिने झटकन नजर रस्त्यावर आणली.

पिढ्यान्‌पिढ्या कुंभकोणमला राहिलेल्या, अलमेलुच्यासारख्या मराठी घरांची एक जुनी सवय आहे. उंबरा ओलांडला की तमिळ. आणि चारचौघांत गुपित बोलायचं झालं की मराठी. हे कुलूप कोणाला उघडत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज.

"कान पाहिलेस कां गे ह्याचे?" आत्या मराठीत म्हणाली. "दोन पापड."

"कान राहूं द्या, आत्या. हात पाहा. बेष हात आहे."

"उगी राहा! कोणाचा कोण. आइतवारी बेंगळूरची माणसं येणार. बाबांपाशी काय बोललीस, स्मरतं नव्हे?"

स्मरत होतं. तीन स्थळं परतवल्यावर कृष्णमूर्तिरावांनी लेकीला शांतपणे सांगितलं होतं, "मनांत कोणी असेल तर नाव सांग. नसेल तर ह्या खेपेस हो म्हण." ती हसून कबूल झाली होती. पण सांगायला नावच नव्हतं. बेंगळूरचा मुलगा वाईट नव्हता. त्याने आपणहून कळवलं होतं की, बायकोला गाडी चालवावी लागणार नाही, ड्रायव्हर आहे. जन्मभर मागच्या बाकावर बसायचं! त्या विचाराने अलमेलुचा जीव गुदमरायचा.

पुढे रस्त्यावर पेंढा पसरलेला होता. कापणीचे दिवस, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होऊन जाते, म्हणून शेतकरी तो वाटेतच अंथरतात. चाकं पेंढ्यावर आली, खडखडाट थांबला, उन्हात तापलेल्या गवताचा गोड वास आत शिरला. अलमेलुच्या जिभेवर काय बसलं कोण जाणे.

"खरं सांगूं, आत्या? असा हात धरून बसणारा मिळाला, तर बेंगळूरच्यांस दारांतूनच परत लावीन मी."

आणि गाणं उडालं.

पेंढ्यावर! गाडी अशी तरंगत होती की आत्याची हलणारी दाढसुद्धा हलली नसती. अलमेलुने आरशात बघितलं. दोन्ही पापड लालभडक झाले होते.

अगं बाई! म्हणजे ह्याला... तिचे गाल तापले. क्षणभर वाटलं, इथेच उतरून शेतात पळावं. पण पळणाऱ्यातली ती नव्हती. खात्री तर करून घेऊ, तिने ठरवलं, आणि मुद्दाम मोठा निःश्वास सोडला.

"पण कोठला मिळायाला! जाऊं द्या. आइतवारी हो म्हणून टाकतें."

गाणं पुन्हा उडालं, एका अक्षरावर अडकलं आणि तिथेच टकटकत राहिलं. अलमेलुने ब्रेक दाबला.

"डॉक्टर," मागे न वळता ती मराठीत म्हणाली, "इथें खड्डा कोठें होता?"

आत्याचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

"खड्डा... नव्हता," मागून आवाज आला. मराठीतच, अगदी घरच्या मराठीत. "आधींच सांगणार होतों. पण तुमचं पहिलं बोलणं कानांवरच निघालं... मग धीर झाला नाहीं."

"राम राम! कोणाचा रे तूं?" आत्याने विचारलं.

"मेलकावेरीच्या गुरुमूर्तिरावांचा नातू. सेलममधें वाढलों. आत्तां आजोबांच्या घरीं राहायास आलों."

"गुरुमूर्तिरावांचा? मग आधीं सांगायाचं नव्हे! पापड म्हणूं दिलंस मला!"

अलमेलु आता वळली. "अस्कं ऐकलंत? एकूण एक?"

"अस्कं."

"बेंगळूरचंहि?"

"तिथेंच तर हात हालला," तो म्हणाला. "दाढ काढतांना हालत नाहीं कधीं. आज..." टकटकणारा प्लेयर त्याने अजून तसाच तळहातावर धरला होता.

तो आवडला होता तिला. पहिल्या खड्ड्यापासूनच. आता स्वतःशी लपवण्यात काय अर्थ?

"बाबांस एक नाव सांगायाचं आहे मला," ती म्हणाली. "तुमचं ठाऊक नाहीं."

त्याने आत्याकडे बघितलं. आत्या खिडकीबाहेर भातखाचरं न्याहाळू लागली, जणू जन्मात कधी पाहिली नव्हती.

"रघूत्तम," तो म्हणाला. मग घसा खाकरून, "पण... आइतवारपर्यंत कशाला थांबायाचं?"

अलमेलु खळखळून हसली. तिने गाडी सुरू केली, त्याने गाणं. "नीट धरा. पुढें वाट खराब आहे."

मेलकावेरीचं वळण आलं. त्याने हळूच सुचवलं, "माझा दवाखाना..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि गाडी सरळ नेली ती थेट स्वतःच्या दारापर्यंत. गाणं एकदाही अडखळलं नाही. कृष्णमूर्तिराव ओसरीवर पेपर वाचत बसले होते. अलमेलुने काच खाली केली.

"बाबा," ती म्हणाली, "नाव घेऊन आलें."