तिसऱ्या साहेबांना नमस्कार

महाडच्या कॉलेजात त्या दिवशी मुलाखतीचा सराव होता. शेवटच्या वर्षाच्या पोरापोरींना नोकरीलायक करायचंच, असं प्लेसमेंटच्या सरांनी मनावर घेतलं होतं. टेबलामागे तीन साहेब हवेत म्हणून दोन प्राध्यापक बसवले. तिसरा काही मिळेना. तेव्हा व्हरांड्यातून वडापाव खात चाललेल्या कॉमर्सच्या भरतला सरांनी आत ओढलं आणि स्वतःचा टाय त्याच्या गळ्यात अडकवला.

मग सारिका आली. पोलादपूरच्या पुढे घाटातल्या कुडपणची, केमिस्ट्रीची, प्रयोगशाळेत एकदम वाघीण! पण तीन माणसं ओळीने बसून आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला वर्षभरातले दोन ‘बघायचे कार्यक्रम’ आठवले. ओढणी आपोआप डोक्यावर गेली. नाव, गाव, शिक्षण... सगळी उत्तरं तिने जमिनीकडे बघत दिली, आणि ‘या आता’ ऐकताच वाकून तिघांच्याही पाया पडली.

तिसरे साहेब ताडकन उठले. “अं... सुखी राहा,” त्यांच्या तोंडून निघून गेलं.

वर्ग हसून लोळला. सारिका मात्र रडकुंडीला आली. शुक्रवारी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्याची खरी मुलाखत होती. लॅबमधली ती नोकरी मिळाली तर बरं, नाहीतर रविवारी मुंबईचं तिसरं स्थळ घरी येणारच होतं.

कॅन्टीनच्या दारात भरतने तिला गाठलं. टायवर वडापावच्या चटणीचा डाग पडला होता.

“सॉरी हं. आशीर्वाद मागे घेऊ का?”

“राहू दे. कुणाचा तरी लागू पडंल.”

“चार दिवस आहेत. सराव करू या... पण उलटा. तू साहेब, मी उमेदवार.”

रोज प्रॅक्टिकल संपलं की कोपऱ्यातल्या टेबलावर मुलाखत रंगू लागली. पहिल्या दिवशी सारिकाने प्रश्न चहाच्या कपाला विचारले. दुसऱ्या दिवशी टायला. तिसऱ्या दिवशी नजर वर गेली, आणि तिथेच जरा जास्त वेळ थांबली.

“तुमचा कमकुवतपणा सांगा.”

“समोरून कुणी असं बघितलं की—”

“कामाचं बोला!” ती डाफरली, पण कान लाल झाले होते.

शुक्रवारी खऱ्या तीन साहेबांसमोर ती बसली. प्रत्येकाच्या टायवर चटणी सांडलीय असं तिने मनाशी धरलं, आणि मान वर करून घडाघडा बोलली. निघताना पाया पडली नाही. शनिवारी फोन आला. नोकरी मिळाली होती.

तिने लगेच घरी कळवलं. “बाबा, पावन्यांना नको म्हणून सांगा. पोरीला नोकरी लागलीय, आता बघायला कोण नाय यायचं.”

“पगार बँकेत येतो ना गो?” एवढंच चांगूबाबांनी विचारलं, आणि स्थळ मोडलं.

सोमवारी सारिका पेढे घेऊन कॅन्टीनला आली, तर भरत ट्रेमध्ये चहाचे दोन कप घेऊन उभा. डोक्यावर रुमाल, नजर जमिनीवर.

“ह्ये काय रे?”

“बघायचा कार्यक्रम. विचारा.”

तिने हसू दाबलं आणि साहेबी आवाज काढला. “स्वयंपाक येतो?”

“अंडं उकडता येतं.”

“बाहेरगावी जायची तयारी हाय?”

“पोलादपूरपर्यंत कधीही. पुढे घाटात मला गाडी लागते... तरी येईन.”

सारिकाने पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. हा गंमत करतोय, की...? “आम्हाला काही विचारायचंय?”

भरतने पहिल्यांदा नजर वर केली. आता तो हसत नव्हता.

“कुडपणची एसटी किती वाजता सुटते? तुझ्या बाबांकडे यायचंय. तुला बघायला नाही... मला दाखवायला.”

तो तिला आवडला होता. चटणीच्या डागासकट, पहिल्या दिवसापासून. पण साहेबाने असं चटकन सांगायचं नसतं. तिने चहाचा एक घोट घेतला, दुसरा घेतला... तेवढ्यात भरत ट्रे टेबलावर ठेवून खरंच वाकला. चटकन पाय मागे घेत तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“सुखी राहा,” ती म्हणाली. “माझ्यासंगं.”