गुळाचा अर्धा खडा

रहेमानशेठ त्या दिवशी पेठला निघाले ते नातवाचं नाव ठेवायला. इतकं साधं काम. लेक सलिमा तिकडे दिलेली, तिला पहिलाच मुलगा झालेला, आणि अकीक्याच्या समारंभात नाव आजोबांनीच ठेवायचं असा तिचा हट्ट. भाद्रपद चालू होता, पावसाचा जोर ओसरला होता, आणि नाशकातल्या भद्रकालीत हिरड्याची वखार चालवणाऱ्या शेठना सावळघाटाची वाट झोपेतही चालता आली असती. अडचण एकच होती. शेठना मधुमेह होता.

आता मधुमेह म्हणजे काय, हे त्या दिवसांत ज्याच्या घरी झाला त्यालाच ठाऊक. दोन वर्षांमागे शेठ हाडांचा सापळा झाले होते. घागर रिकामी करायचे आणि जीभ कोरडीच. परसात लघवीला जाऊन आले की त्या जागी मुंग्यांची रांग. श्वासाला पिकून उतरलेल्या फळांसारखा वास. मग मुंबईहून इन्शुलिन नावाचं नवं औषध आलं आणि खाटेवरचा माणूस उठून पुन्हा तराजूपाशी बसला. दोन्ही वेळा जेवणाआधी सुई. डॉक्टरांनी दम भरला होता, "सुई टोचली की जेवण टाळायचं नाही. टाळलंत तर घाम फुटेल, कापरं भरेल, जीभ वळेनाशी होईल. तेव्हा तोंडात गूळ घाला. नाहीतर संपलंच."

"घाटात असं काही झालं तर?" त्यांच्या बायकोने, बिलकिसबींनी विचारलं. "नाव कुणीही ठेवील. आजोबा दुसरा कुठून आणायचा?"

"अगं, मरणाच्या दारातून परत आलो तो काय वखारीची राखण करायला? मी जाणार, नाव ठेवणार आणि चार दिवसांत परत येऊन तुझ्याशी भांडणार."

तयारी मात्र पक्की. सगळा माल एका गाडीत भरायचा नाही, हे शेठचं पहिल्यापासूनचं धोरण. चालू बाटली ओल्या वाळूच्या मडक्यात, दुसरी, सील न फोडलेली, ट्रंकेत कपड्यांच्या घडीत. काचेची पिचकारी, स्पिरिटचा दिवा. डब्यात रोट्या आणि खिमा. आणि फडक्यात बांधलेला गुळाचा चांगला मुठीएवढा खडा.

चूक केली ती एकच. गाडीवान बारकूला काही सांगितलं नाही. बारकू पेठच्या डोंगरातला, त्याच्या कानावर पडलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आठवड्याच्या बाजारात फिरायची. आणि घेणारा खचलाय असा वास लागला की विकणारा हात आखडतो. कोंडाजी नावाच्या एका व्यापाऱ्याला भर बाजारात नुसती खोकल्याची उबळ आली होती. पुढच्या बाजारी त्याचे ठरलेले हिरडे दुसऱ्याच्या गाडीत चढले. शेठनी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून मुकाट्याने निघाले.

घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. जेवणाची वेळ झाली होती. शेठ पिचकारी घेऊन करंजाच्या झाडाआड गेले, सुई टोचून घेतली आणि परत आले, तर बारकूने बैल जुंपून ठेवलेले.

"शेठ, धुकं येतंय. वर वस्तीत जाऊन जेवू. आता थांबलो तर इथंच अडकू."

शेठनी वर पाहिलं. घाटाचं तोंड दिसत नव्हतं. चढायला कितीसा वेळ लागणार, असा त्यांनी हिशेब केला आणि गाडीत बसले. आयुष्यभर हिशेब केलेल्या माणसाचा तेवढाच एक चुकला.

धुकं वरून उतरलं आणि दरीतूनही चढून आलं. भर दिवसा बैलांची शिंगं दिसेनात. ओल्या पाचोळ्याचा कुबट वास, आसाची कुरकुर, आणि त्या कुरकुरीच्या मागे, थोड्या अंतरावर, कुणीतरी अनवाणी चालल्यासारखा चिखलाचा पचक पचक आवाज. शेठनी दोनदा मागे वळून पाहिलं. पांढरं. नुसतं पांढरं.

अर्ध्या घाटात चाक रुतलं. शेठ उतरले, खांदा लावला. आणि हातांना कापरं भरलं. सदरा घामाने चिंब झाला. ओळखीची खूण होती.

"बारकू, डबा..."

"डबा रिकामा हाय, शेठ." बारकू खाली बघत म्हणाला. "तुमी झाडाआड गेलता तवा घाटातल्या म्हातारीच्या भुताला धोंड्यापाशी ठेवून आलो. रोट्या, मटण, गूळ, सारं. ती वास काढत येते. समदं द्यावं लागतं. अर्धं दिलं का ती मागून येते, घरापातूर येते."

शेठचे पाय गेले. ते चाकाला टेकून बसले. आजार सांगायचा होता, पण जीभ लाकडासारखी झाली होती. मोठ्या कष्टाने एकच शब्द फुटला.

"गूळ... गूळ..."

बारकू दोन पावलं मागे सरला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमच्या तोंडून म्हातारीच बोलते हाय! पोट नाय भरलं तिचं... शेठ, घट्ट ऱ्हावा. आता तोंडात काय नाय द्यायचं. गोड तर नायच नाय."

तो मिरच्यांची धुरी करायला ओल्या काटक्यांशी झटापट करू लागला, शेठकडे पाठ करून. शेठच्या डोळ्यांपुढे धुकं होतं की अंधारी, कळेना. नातवासाठी ठरवलेलं नाव आठवून पाहिलं. आठवलं नाही. तेव्हा मात्र ते भ्याले.

आणि तो वास आला. पिकून उतरलेल्या फळांचा.

समोर म्हातारी बसली होती. गालफडं आत गेलेली, ओठांना भेगा, मनगट काटकीएवढं. तिने मूठ उघडली. मुठीत गूळ होता, शेठच्याच फडक्यात.

"हा तुझा गूळ घे, बाबा." आवाज कोरड्या पानासारखा. "मला गोड चालत नाय. लय तहान लागायची... मुंग्या यायच्या. लोकं म्हनली, झपाटली. कोंडली मला. गोडाचा निवद दावला, तोच खाऊ घातला. मेली तरी अजून गोडच ठेवतात, रांडेचे."

तिने खडा दगडावर ठेचला आणि एक तुकडा शेठच्या तोंडात घातला. बोटं विहिरीच्या तळासारखी गार. शेठनी चघळला, गिळला. मग दुसरा. हळूहळू बैल दिसू लागले, बारकूची पाठ दिसू लागली, आणि मघाशी काही केल्या आठवत नव्हतं ते नाव आपणहून जिभेवर आलं. नियाज.

म्हातारी नव्हती. फडक्यात अर्धा गूळ उरला होता.

"बारकू!" शेठ गरजले. "ती धुरी टाक आणि चाकाला हात लाव!"

बारकूने वळून पाहिलं. शेठ उभे होते, तोंड हलत होतं, आणि घाटात चक्क हसत होते. चाक निघालं. उरलेल्या वाटेवर शेठनी आजार, सुई, गूळ, सगळं सांगून टाकलं. "उद्या बाजारात सांग. ज्याला माल द्यायचा नाही त्याने देऊ नये. पण पुन्हा मी कापायला लागलो तर आधी गूळ, मग म्हातारी. कळलं?"

"कळलं, शेठ. पन हा अर्धा कसा उरला?"

शेठनी फडक्याला गाठ मारून ते खिशात घातलं.

पेठला त्यांनी आधी पोटभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी नातवाला मांडीवर घेऊन असं खणखणीत नाव घेतलं की बाहेर बांधलेल्या बैलांनी कान टवकारले. सलिमा रडली, जावई हसला. बाजारालाही शेठ गेले. सगळ्यांना सगळं कळलं होतं. यादव नावाचा जुना विकणारा म्हणाला, "घाटातून उठून आलेल्या मानसाला कोन नाय म्हनंल?" गाडी हिरड्यांनी शिगोशिग भरून निघाली.

निघताना शेठनी ट्रंकेतली बाटली काढली. सील जसंच्या तसं होतं. औषध मात्र बोटभर कमी होतं.

पुढे शेठ दर वर्षी पेठला गेले, सुई घेऊन, समोर जेवण वाढलेलं असल्याशिवाय टोचायचं नाही हा नियम पाळून. धोंड्यापाशी गोड ठेवणं त्यांनी बंद पाडलं. तिथे आता लोक पाणी ठेवतात.

पण त्या खेपेहून घरी आल्यावर आठवड्याने बिलकिसबी म्हणाल्या, "तुम्ही तर बरे आहात ना? मग परसातल्या कोपऱ्यात मुंग्या कशाच्या?"

शेठ जाऊन त्या कोपऱ्यात वाकले; पिकून उतरलेल्या फळांचा वास येत होता. मग एक नवी बाटली काढून परसाच्या कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवसापासून मुंग्या दिसल्या नाहीत.

कोनाड्यातल्या बाटलीचं सील कुणी कधी फोडत नाही. बाटली मात्र दर महिन्याला नवी लागते.