झाकलेल्या दुर्बिणीची नोंद

झाकण घातलेल्या दुर्बिणीच्या नोंदीकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. रोज सकाळी बाबा गच्चीवर जाऊन दुर्बिणीला झाकण लावायचे आणि त्यांची लेक खालच्या खोलीत, लेसर बंद ठेवून, पाच मिनिटं यंत्र चालवायची. अंधारात यंत्र स्वतःच जी खरखर करी, ती खऱ्या मोजणीतून आपोआप वजा व्हायची. खरी मोजणी म्हणजे लेसरचा झोत आकाशात सोडायचा आणि नव्वद किलोमीटरवरून परतणाऱ्या चिमूटभर उजेडावरून तिथली थंडी मोजायची. बर्फालाही हुडहुडी भरेल अशी जागा ती.

बाबा त्या वेधशाळेत तीस वर्षं तंत्रज्ञ, ती नवी शास्त्रज्ञ. निवृत्तीला चारच दिवस उरले होते, तरी कामावर लेकीला 'मॅडम' म्हणून चिडवायची एकही संधी ते सोडत नसत.

त्या सकाळी बाबा वर गेले. हात रिकामे होते म्हणून तिने मागच्या अकरा दिवसांच्या त्या टाकाऊ नोंदी एकाखाली एक लावून पाहिल्या.

प्रत्येक आलेखात एक उंचवटा होता. झाकण बंद, लेसर बंद, तरी कशावर तरी आपटून उजेड परतावा तसा. पहिल्या दिवशी अठ्ठ्याऐंशी किलोमीटरवर, दुसऱ्या दिवशी ऐंशीवर. यंत्र बिघडलं असणार, असं तिने स्वतःला बजावलं. पण बिघाड असा रोज मोजून आठ किलोमीटर खाली उतरत नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार होतं?

काल तो आठावर होता.

म्हणजे आज शून्य. शून्य म्हणजे गच्ची.

हाका मारत ती जिन्याकडे धावली. बाबा अर्ध्या जिन्यातच भेटले.

"हळू, पडशील. लावलंय झाकण."

तिच्या जिवात जीव आला. खोलीत येऊन तिने कळ दाबली. बाबा खुर्चीमागे उभे राहिले.

उंचवटा शून्यावर होता. तिच्या डोळ्यांदेखत तो हलला आणि वर निघाला.

त्याच्या शेजारी आता दुसरा होता. बारीकसा.

दोघं बरोबर वर चालले होते.

ती पडद्याकडे वाकली.

"काय दिसतंय, मॅडम?" बाबांनी विचारलं. सुरात चेष्टा नव्हती.

ती वळली. खोलीत चांगलंच उकडत होतं. बाबांच्या मिशीवर बर्फाची कणी होती, आणि ती विरघळत नव्हती.