बिनअटीचं दान

“हिला कुणाला विचारून आत घेतलंस?”

आकाराम मास्तरांनी हा प्रश्न मुलाला, ऋतुराजला विचारला. पण नजर होती दारात उभ्या असलेल्या सुष्मितावर. बारा वर्षांनी या घरात बापलेकीची नजरानजर होत होती... आणि त्या नजरेत अजूनही तोच कडकपणा होता, ज्याच्यापुढे लहानपणी गणित चुकलं की तिच्या तोंडचं पाणी पळायचं. बाकी सगळं बदललं होतं. पाय सुजलेले, कातडी राखेच्या रंगाची, ओठ कोरडे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाऊन येणारा हा माणूस आपल्याच घरात पाहुण्यासारखा अवघडून बसला होता.

“मीच बोलावलं, पप्पा,” ऋतुराज म्हणाला. “माझी शुगर ही अशी, डॉक्टर माझी किडनी घेत न्हाईत. ताईची जुळती हाय. आता हट्ट सोडा की.”

“मला नको.”

एवढं बोलून मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुष्मिताने शिवाजी पेठेतल्या रुद्रेशशी लग्न केलं ते वडिलांच्या मनाविरुद्ध. तो लिंगायत घरातला, ही ख्रिस्ती घरातली, गणिताच्या मास्तरांची, चर्चच्या मंडळीतल्या मानाच्या वडीलजनांची एकुलती लेक. पुढच्याच रविवारी उपासना संपल्यावर मास्तरांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, ‘आजपासून मला मुलगी नाही.’ ते तिने सोसलं. पण तीन वर्षांपूर्वी आई, शालूबाई गेली, तिची शवपेटी दफनभूमीत न्यायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनी फाटकात हात आडवा धरला आणि पोटच्या लेकीला आईवर मूठभर मातीसुद्धा टाकू दिली नाही! तो आडवा हात तिच्या काळजात रुतून बसला होता.

मग ती किडनी द्यायला का निघाली? रुद्रेशने विचारलं तेव्हा ती म्हणाली, ‘बाप हाय माझा.’ त्याने नवऱ्याच्या संमतीच्या कागदावर सही केली. पण खरं कारण तिने त्यालाही सांगितलं नव्हतं. एक प्रसंग तिने मनात शंभरदा रंगवला होता... बाप हात जोडून म्हणतोय, ‘चुकलं माझं’, आणि ती शांतपणे, उदारपणे त्यांना क्षमा करते आहे. त्या एका क्षणासाठी ती शरीराचा तुकडा तोडून द्यायला तयार होती.

दोन महिने मास्तर नाहीच म्हणत राहिले. मग एका सकाळी त्यांच्या फुप्फुसात पाणी भरलं, श्वास घेता येईना. डॉक्टरांनी ऋतुराजला बाजूला घेऊन सांगितलं, “आता फार दिवस ओढता येणार नाही.” त्या दिवशी ऋतुराज त्यांच्या पायांवर डोकं टेकून रडला, तेव्हा कुठे मास्तरांनी कागदावर सही केली.

मंजुरीसाठी दोघांना दवाखान्याच्या अवयवदान समितीपुढे जावं लागलं. अध्यक्षबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, “मुलीशी तुमचे संबंध कसे आहेत?”

सुष्मिताला वाटलं, मास्तर ‘चांगले’ म्हणतील आणि सुटतील.

“संबंध नाहीत,” मास्तर म्हणाले. “बारा वर्षं मी हिच्याशी बोललो नाही. हिच्या आईच्या दफनाला मी हिला आत येऊ दिलं नाही. ही माझं काहीएक देणं लागत नाही.”

अध्यक्षबाईंनी फाईल मिटली. “मग या का देताहेत? दबाव तर नाही ना? दोघं जरा बाहेर थांबा.”

बाहेरच्या बाकावर बसताच सुष्मिताचा बांध फुटला. “आत परक्या माणसांपुढं सगळं कबूल केलंत. माझ्यापुढं बारा वर्षांत एक शब्द तोंडातनं निघाला न्हाई तुमच्या.”

मास्तर धापा टाकत बसले होते. “सुष्मे, तू देतीयास कशाला? खरं सांग.”

“खरं ऐकायचंय? मला तुमची मान खाली गेलेली बघायची होती. माझी किडनी पोटात घिऊन रोज आठवावं तुम्ही, फाटकाबाहेर कुणाला ठेवलंत ते.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच भय वाटलं. पण मास्तर रागावले नाहीत.

“ठाऊक होतं मला. म्हणून नको म्हणत होतो.” ते थांबले, श्वास गोळा केला. “तीस वर्षं मी मंडळीत कृपेवर बोललो. देवाची कृपा कमवावी लागत न्हाई, असं लोकांना शिकवलं. पण आतनं वाटायचं, मी पेपर चांगला सोडवलाय म्हणून देव मला मार्क देतोय. तुला नापास करायचा हक्क त्यातनंच आला माझ्याकडं. आता मशीनला चार-चार तास पडून असतो, तवा कळतंय... माझा पेपर कोराच हाय, पोरी. आणि फुकट घ्यायचं कसं, ते मला येत न्हाई. आईच्या वेळी मी तुझ्याशी जे केलं, त्याची माफी कुठल्या तोंडानं मागू?”

त्यांची मान खाली गेली.

ज्या क्षणासाठी ती जगली होती तो समोर होता... आणि त्यात काहीच गोडी नव्हती. दिसत होती फक्त एका थकलेल्या म्हाताऱ्याची बारीक झालेली मान. आपण हे पाहायला आलो होतो? इतकी वर्षं मनात सूड जपून आपण रोज प्रभूपुढे गुडघे टेकले. त्याने कधी विचारलं, आधी तो सूड टाकून ये म्हणून? कधी आडवा हात धरला? तिच्या छातीतून हुंदका फुटला.

“पप्पा, मीबी नापासच हाय,” तिने त्यांचा सुजलेला हात हातात घेतला. “तुम्ही माझ्याशी बोला, न्हाईतर बोलू नका. ही किडनी तुमची. मला बदल्यात काय नको.”

पुन्हा आत बोलावलं तेव्हा अध्यक्षबाईंनी विचारलं, “तुमच्यावर कुणाचा दबाव आहे?”

“होता, मॅडम. माझ्याच रागाचा. आता न्हाई.”

त्यांनी तिला एकटीला तासभर प्रश्न विचारले. रुद्रेशलाही वेगळं बसवून विचारलं. तो आठवडा दोन्ही घरांनी जीव मुठीत धरून काढला. मग मंजुरी आली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी सुष्मिताला आधी न्यायचं होतं. मास्तरांनी चाकाची खुर्ची तिच्या स्ट्रेचरजवळ घ्यायला लावली. “मी काय करू गं तुझ्यासाठी? काहीतरी सांग.”

“काहीच करू नका, पप्पा. नुसतं पडून राहा. देतील ते घ्या.”

किडनी पहिल्याच दिवशी चालू झाली. पाचव्या दिवशी सुष्मिता पोट धरून, रुद्रेशच्या आधाराने मास्तरांच्या खोलीच्या काचेपाशी गेली. आत कुणाला सोडत नव्हते. तिने फोन लावला.

“सुष्मे,” पलीकडून आवाज आला, “आज प्रार्थनेला डोळे मिटले आणि मागायला काय सुचंना. ‘दिलंस, प्रभू’ एवढंच म्हणालो... मग रडूच आलं.”

काचेपलीकडे मास्तरांनी डोळे पुसले, तिच्या मागे पाहिलं.

“त्यो रुद्रेश न्हवं का? फोन दे त्याच्याकडं.”

रुद्रेशने फोन कानाला लावला.

“जावईबापू,” मास्तर म्हणाले, “जेवलासा का?”