विद्यापीठ, नदी बघून

१९७४ साली सोलापुरात मुलीसाठी विद्यापीठ निवडताना दोनच गोष्टी बघत: त्या गावात आत्या आहे का, आणि तिच्या खिडकीतून रस्ता नीट दिसतो का. माझी आत्या कोल्हापुरात होती आणि तिची नजर उत्तम होती. त्यामुळं भूगोलाच्या एम.ए.साठी माझं कोल्हापूर पक्कं होतं.

ते गाव किती लांब आहे हे एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. सह्याद्रीचा मोठा नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि त्यावर एक मुलगा जवळजवळ आडवा झाला होता. त्याचं बोट एका निळ्या रेघेवरून सरकत होतं — इतकं हळुवार, की मी उगाच माझं मनगट पदराखाली घेतलं.

“काही हरवलंय का?”

“नदी,” तो म्हणाला. मग मान वर केली... आणि डोक्यावरचा पंखा बंद पडला. निदान मला तसं वाटलं.

गुरुबसप्पा त्याचं नाव. बी.एस्सी. झालेला, अक्कलकोटकडचा. त्याच्या गावात पुराच्या दिवसांत भीमा काहिलीतून ओलांडत. गुळाचा रस ज्यात उकळतात तीच लोखंडी काहील, फक्त आत रसाऐवजी माणसं. एका अमेरिकन मासिकात त्यानं वाचलं होतं, तिकडची पोरं विद्यापीठ निवडताना जवळची फेसाळती नदी बघतात, होडी घालायला.

“आणि आपण काय बघतो? खाणावळ!”

“मग कुठलं ठरलं तुमचं?”

“कोल्हापूर. पंचगंगा हाय की.”

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यातला भूगोल बोलला.

“पंचगंगा? अहो, कोल्हापुरात ती लई निवांत. म्हशी डुंबतात. पाणी फेसाळायला उतार लागतो. ह्या तपकिरी रेषा उंचीच्या. त्या जिथं दाटीवाटीनं येतात, तिथं पाणी उड्या मारतं.” माझं बोट सरकत गेलं ते दांडेलीपाशी, काळी नदीवर थांबलं. “हे बघा. आणि शेजारीच धारवाड. विद्यापीठ हाय तितं.”

“देवमाणूस हाय तुमी!” तो म्हणाला.

ते बोट चावून टाकावंसं वाटलं मला.

पुढं सगळा उन्हाळा आम्ही कंबर तलावात भाड्याची होडी फिरवली. दुष्काळ नुकताच सरला होता. पाणी बघायला जाणं हाच सोलापुरात मोठा कार्यक्रम होता. माझी मैत्रीण महानंदा घरच्यांच्या समाधानासाठी मध्ये बसून शेंगा फोडायची.

“वल्हं हलकं धरा. मान आवळल्यागत नको,” तो मला शिकवायचा.

“कुणाची मान?”

“सध्या वल्ह्याचीच.”

“मी उतरू का?” महानंदा म्हणायची. “पोहता येत न्हाय, पण तुमचं चालू द्या.”

शेवटच्या संध्याकाळी तो काठावर दोरी उगाच पुन्हा पुन्हा बांधत राहिला.

“परवा जातोय. तसल्या पाण्यात एकट्याला झेपत न्हाय म्हणे. पुढं एक, मागं एक लागतं.”

“मागच्याचं काम काय?”

“पुढच्यानं घोळ घातला की निस्तरायचा.”

“जमंल मला.”

तो थांबला. “पण तुमचं तर कोल्हापूर —”

मी चपला घातल्या, पदर खोचला, आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय एका शब्दात सांगितला: “येते.”

“बरं,” तो म्हणाला. “जपून जावा.”

एवढ्या मोठ्या निर्णयाला एवढं कोरडं उत्तर! मी फणफणत घरी गेले आणि सगळा राग आप्पांवर काढला. धारवाडलाच जाणार म्हणून सांगितलं.

“कोल्हापुरात काय वाईट हाय?” वडिलांनी विचारलं.

“उतार न्हाय, आप्पा.”

“कसला उतार?”

“भूगोलातला.”

आप्पांचा चादरींचा व्यापार. भूगोलाला ते मान देत. “पण तितं आपलं कोण हाय?”

“माझी मावशी हाय की,” स्वयंपाकघरातून आई म्हणाली. पोरगी नणंदेकडं ठेवायची नाही हे तिनं कधीच ठरवलं असावं. तिला फक्त दुसरं गाव हवं होतं.

धारवाडला जायचं तर गदगवरून. तिकडं जाणारी ती मीटरगेजची गाडी आता राहिली नाही. कोळशाचा वास यायचा तिला. खिडकीशी वळकटी टेकून गुरुबसप्पा बसला होता, आजारातून उठल्यासारखा. मला बघून धडपडत दारात आला.

“पोचवायला आलात? कशाला त्रास —” मग त्याला माझी ट्रंक दिसली.

“येते म्हटलं होतं की.”

“ते... निरोपाचं न्हवतं?”

तेव्हा कुठं उजेड पडला. आमच्याकडं ‘जाते’ म्हणणं अशुभ. मराठीत ‘येते’, कन्नडमध्ये ‘बरतीनी’. दोन्ही भाषांत जाणारा माणूस येतच असतो. बिचाऱ्यानं दोन्ही भाषांत दुःख केलं होतं.

“घास उतरत न्हवता, हेमावती.” पहिल्यांदाच नुसतं नाव.

मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली. त्यानं मोडलेला तुकडा हातातच राहिला.

“आणि कधी खरंच जायचं असलं, तर काय म्हणशील?”

“येते.”

“मग मला कळायचं कसं?”

“कळायचं न्हाय,” मी म्हटलं. “हात धरून ठेवायचा.”

मला पोचवायला निघालेले आप्पा हमालाशी हुज्जत संपवून समोरच येऊन बसले. त्यामुळं त्यानं वळकटीच्या आडून फक्त करंगळी धरली. डबा असा हलायचा, की विजापूर येईपर्यंत ती सुटत होती — आणि सापडत होती.